विस्तव कोणाचा, धूर कोणाचा

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातला ४८ वा श्लोक कर्माच्या दोषाबद्दल बोलतो. वाट्याला आलेले काम सदोष असले तरी टाकून देऊ नये, कारण विस्तव म्हटला की धूर आलाच, तसा प्रत्येक उद्योगाला कुठला ना कुठला दोष चिकटलेला असतो, असा त्याचा आशय. विस्तव आणि धूर हा दृष्टान्त शतकानुशतके दृष्टान्त म्हणूनच सांगितला गेला. धाराशिव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, कर्नाटकाच्या सीमेलगत, उमरगा तालुक्यातल्या मुरुममध्ये आज तो अगदी शब्दशः वाचता येतो. येथे विठ्ठलसाई सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात आलूर, केसरजवळगा, येणेगूर अशा गावांच्या शिवारांतून कारखान्याकडे ऊस ओढला जातो, आणि तो ओढणारा विस्तव डिझेलचा असतो. जड ओझे ओढायला पेट्रोलचे इंजिन चांगले की डिझेलचे, हा प्रश्न एरवी गॅरेजमध्ये किंवा गाडी घेताना विचारला जातो. पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे: साधन सदोष आहे हे माहीत असताना ते वापरणे धर्म्य केव्हा ठरते? माझे म्हणणे असे आहे की हा श्लोक जड ओढकामात डिझेलच्या बाजूने साक्ष देतो, मात्र एका अटीवर, आणि ती अट आपण पाळलेली नाही.

आधी विस्तवच नीट पाहू. तोड झालेल्या फडातून भरलेल्या दोन ट्रॉल्या बाहेर काढायच्या असतात. जमीन काळी, तळाशी ओल धरलेली, आणि दोन्ही ट्रॉल्या मिळून पंधरा टनांच्या पुढे ऊस. चालक लो गिअर टाकतो आणि क्लच सोडता सोडता पायाखालची पट्टी दाबतो. ट्रॉलीची पिन ताणली जाते, इंजिनाचा आवाज एकदम खोल जातो, फेरे उतरतात, पुढची चाके जमिनीवर टेकल्या न टेकल्यासारखी होतात. नेमक्या त्या वेळी बोनेटवरच्या उभ्या सायलेन्सरमधून काळा लोट उठतो. गाडी हलली, फेरे वाढले, की धूर विरळ होतो. हा लोट काही इंजिन बिघडल्याची खूण नव्हे. फेरे कमी असताना सिलिंडरात हवा कमी शिरते, टर्बो असला तरी तो अजून वेगात आलेला नसतो, आणि चालकाला तर सर्वांत जास्त ओढ त्याच क्षणी हवी असते. इंधन जास्त, हवा अपुरी, म्हणून काजळी. त्या धुरात उभी असते ती मोळ्या चढवून नुकतीच बाजूला झालेली ऊसतोड मजुरांची टोळी, मोळ्या बांधणाऱ्या बायका आणि फडाच्या कडेला ठेवलेली त्यांची पोरे. चालक तर धुराच्या मागेच बसलेला असतो.

मग हे काम पेट्रोलवर का करत नाहीत? लोक सांगतात, डिझेलला दम असतो, ओढ असते. उत्तर बरोबर आहे, पण त्यामागचे कारण बहुधा चुकीचे सांगितले जाते. साध्या पेट्रोल मोटारीत ऐंशी-नव्वद अश्वशक्तीचे इंजिन असते, आणि ऊस ओढणारा ट्रॅक्टर पन्नाशीच्या आसपासचा असतो. अश्वशक्तीवरच जायचे तर मोटारीने ट्रॅक्टरला मागे टाकायला हवे. गिअरची रचना बदलली तर त्या मोटारीच्या इंजिनाकडूनही पंधरा टन हलवून घेता येतील, पदार्थविज्ञानाची आडकाठी नाही. पण मोटारीची ती अश्वशक्ती मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या आसपास मिळते. दिवसभर, हंगामभर इंजिन त्याच गतीला राबवावे लागेल. ते तापेल, झिजेल आणि पेट्रोल पाण्यासारखे पिईल. ट्रॅक्टरचे इंजिन आपली पूर्ण शक्ती दोन हजार फेऱ्यांच्या आसपास देते, आणि ओझे वाढून फेरे चौदाशे-बाराशेपर्यंत उतरले तर त्याची पिळण्याची ताकद कमी होण्याऐवजी थोडी वाढते. डिझेलचे खरे बळ या चिवटपणात आहे.

हा चिवटपणा येतो तो आग लावण्याच्या रीतीतून. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन आधीच मिसळून सिलिंडरात जातात, मिश्रण दाबले जाते आणि स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. दाब फार वाढवला तर मिश्रण ठिणगीची वाट न पाहता स्वतःच भडकते, इंजिन ठोके देऊ लागते. त्यामुळे दाबाला मर्यादा पडते, साधारण दहा-बारास एक. डिझेलमध्ये आधी नुसती हवा दाबतात, सोळा-अठरापटीपर्यंत. दाबल्यामुळे ती पाचशे अंशांच्याही वर तापते, आणि मग तिच्यात इंधनाचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. दाबताना सिलिंडरात इंधनच नसते, त्यामुळे अवेळी भडकण्याचे भय नसते, आणि टर्बोने कितीतरी जास्त हवा कोंबता येते. जास्त दाब म्हणजे त्याच थेंबातून जास्त काम. शिवाय पेट्रोल इंजिनाचा जोर कमी करायचा तर हवेची वाट आवळावी लागते आणि त्यात शक्ती वाया जाते. डिझेलमध्ये नुसते इंधन कमी केले की भागते. अमेरिकेत घोड्यांचे ट्रेलर, बांधकामाची यंत्रे ओढणारे मोठे पिकअप ट्रक दोन्ही इंजिनांत मिळतात, म्हणून तिथे तुलना चोख होते. २०२० च्या फोर्ड सुपर ड्यूटीत ७.३ लिटरचे पेट्रोल इंजिन ४३० अश्वशक्तीचे होते आणि ६.७ लिटरचे डिझेल ४७५ अश्वशक्तीचे. हा फरक फार नाही. पण पिळण्याची ताकद पेट्रोलची सुमारे ६४४ न्यूटन-मीटर, तर डिझेलची १४२४, म्हणजे दुपटीहून अधिक. डिझेलसाठी हजारो डॉलर जास्त मोजूनही अवजड ओझे नित्य ओढणारे लोक तेच घेतात.

आता याच रीतीची दुसरी बाजू. फवारा तापलेल्या हवेत शिरतो तेव्हा तो सगळीकडे सारखा मिसळायला वेळच मिळत नाही. फवाऱ्याच्या गाभ्यात इंधन जास्त आणि हवा कमी, तिथे काजळी तयार होते. कडेला हवा भरपूर आणि ताप प्रचंड, तिथे हवेतला नायट्रोजनच जळून विषारी वायू बनतो. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे प्रमाण वजनाने १४.७ ला १ असे नेमके राखता येते, आणि त्या नेमक्या प्रमाणावर एकच उत्प्रेरक डबा तीन प्रकारचे वायू साफ करतो. डिझेलमध्ये हवा नेहमी जास्तीची असल्यामुळे तो डबा नायट्रोजनच्या वायूंपुढे निरुपयोगी ठरतो. म्हणून काजळी अडवायला वेगळी गाळणी आणि वायू मारायला युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी लागते. तेव्हा डिझेलचा गुण आणि डिझेलचा दोष ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत. ज्या दाबातून बळ येते त्याच दाबातून आणि तापातून धूर येतो. गीतेतला दृष्टान्त येथे अलंकार राहत नाही, तो इंजिनाचे नेमके वर्णन होतो. दोष काढून टाकून गुण तेवढा ठेवा, असे या यंत्राला सांगता येत नाही. धूर निघाल्यावर त्याचे काय करायचे, एवढेच आपल्या हातात उरते.

हा दोष असूनही डिझेलची नैतिक बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य करायला हवे, कारण त्याने कोणाच्या मानेवरचे जू उतरवले ते विसरून चालणार नाही. ओझे ओढवून घेणे हा आपल्या परंपरेत धर्माचा प्रश्न मानला गेला होता. बाराव्या शतकात जैन आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, टाळायच्या पंधरा धंद्यांची चर्चा केली आहे. त्यांत गाड्या बनवून विकण्याचा धंदा आहे, गाड्या आणि जनावरे भाड्याने देऊन ओझी वाहण्याचा धंदा आहे, आणि विस्तवावर चालणारा धंदाही आहे. कुंथलगिरीसारखे जैन सिद्धक्षेत्र ज्या जिल्ह्यात आहे तिथे हा विचार परका नाही. स्वतंत्र भारतानेही तो कायद्यात आणला. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ मध्ये नियम झाले. जनावराला दिवसात नऊ तासांहून जास्त जुंपायचे नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन या वेळात मुळीच नाही. मराठवाड्याच्या उन्हात ही अट किती दिवस लागू पडेल याचा विचार करावा. पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत विहिरीवरच्या मोटेचा बैल सुटला. टायरगाडीला उसाचे ओझे ओढताना गुडघे टेकणारे बैल आजही आहेत, पण ट्रॉल्यांमुळे त्यांची संख्या घटली आहे. ज्याला वेदना होतात त्याच्याकडून काम काढून ज्याला वेदना होत नाहीत त्याला ते देणे, हा नैतिक लाभ मोठा आहे. त्यासाठी थोडा धूर सोसावा, असे कोणी म्हटले तर ते उडवून लावता येणार नाही.

हे इंजिन घडवणाऱ्या रुडॉल्फ डिझेल यांच्या मनातही माणसाच्या भल्याचाच हेतू होता. १८९७ मध्ये आउग्सबुर्गला त्यांच्या इंजिनाची जाहीर चाचणी झाली तेव्हा इंधनातल्या उष्णतेचा सुमारे चौथा हिस्सा कामात उतरला. त्या काळची बहुतेक वाफेची इंजिने त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हती. वाफेचे इंजिन अवाढव्य, म्हणून ते मोठ्या भांडवलदाराच्या हाती. लहान कारागिराला परवडेल असे, स्वस्त इंधनावर चालणारे लहान इंजिन मिळाले तर तो गिरणीपुढे टिकेल, अशी डिझेल यांची उमेद होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या पद्धतीचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. १९०३ मध्ये त्यांनी ‘सॉलिडारिझ्मुस’ नावाचे पुस्तक लिहिले आणि त्यात कामगारांनी एकत्र येऊन मालकीचे उद्योग उभारावेत अशी योजना मांडली. पुस्तक फारसे खपले नाही. पण इंजिनाइतकेच समाजाच्या रचनेवर विचार करणारा हा माणूस होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सहकारी कारखान्याच्या दारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेत त्याच्या दोन्ही कल्पना एकत्र येतात, त्याच्या नकळत.

तेव्हा साधन योग्य, हेतू चांगला. मग अडते कुठे? अडते ते धुराच्या मालकीवर. गीतेच्या त्या श्लोकात कर्म ज्याचे, त्याचा दोषही त्याच्याच पदरी, हे गृहीत आहे. क्षत्रियाच्या कर्मात हिंसा आहे, तिचा भार त्याच्या माथी. शेतकऱ्याच्या नांगराखाली किडे मरतात, ते पाप त्याने ओळखायचे आणि तरी नांगर सोडायचा नाही. कर्ता आणि दोषाचा धनी एकच असेल तरच सदोष असूनही कर्म टाकू नये या उपदेशाला नैतिक वजन येते. डिझेलच्या धुराची गोष्ट निराळी आहे. ट्रॉलीचा फायदा कारखान्याला, वाहतूकदाराला आणि शेवटी साखर खाणाऱ्याला. धूर मात्र टोळीच्या, चालकाच्या, रस्त्याकडेच्या वस्तीच्या छातीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. हे ज्ञान हाती आल्यावर धूर हा अटळ दोष आहे एवढे म्हणून थांबणे म्हणजे आपल्या कर्माचा दोष दुसऱ्याच्या नावे लिहिणे होय. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्म सोडू नये हेच आग्रहाने मांडले, पण त्यांच्या मांडणीत त्या कर्माला लोकसंग्रहाचा आधार आहे. लोकांचे धारण व्हावे म्हणून कर्म करायचे. ज्या लोकांसाठी कर्म, त्यांच्याच फुप्फुसांत त्याची राख बसत असेल, तर तो आधार निखळतो. मी म्हणतो ती अट हीच: विस्तव वापरणाऱ्याने धुराचाही धनी झाले पाहिजे, म्हणजे तो साफ करण्याचा खर्च उचलला पाहिजे. कर्म टाकू नये या उपदेशातून दोष कमी करू नये अशी मुभा निघत नाही.

तशी सोय यंत्रशास्त्राने करून ठेवली आहे, हे लक्षात घेतले की ही अट केवळ उपदेशापुरती राहत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर वाहनांच्या धुरासाठीचे बीएस-६ मानक लागू झाले. डिझेलमधले गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले आणि नव्या ट्रकना काजळीची गाळणी व युरियाची यंत्रणा आली. ट्रॅक्टरांसाठी मात्र वेगळी मानके आहेत. ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून कडक मानक लागले, त्याखालचे जुन्या नियमांवर राहिले. आपल्याकडे विकले जाणारे बहुतांश ट्रॅक्टर त्याखालचेच आहेत, आणि ऊस वाहतुकीत सर्रास दिसणारेही याच रेषेच्या आसपासचे. म्हणजे येणेगूरजवळच्या सोलापूर–हैदराबाद महामार्गावरून जाणारा नवा ट्रक आणि मुरुमच्या रस्त्याने ऊस नेणारा ट्रॅक्टर एकाच पंपावर डिझेल भरतात. एकाचा धूर गाळून बाहेर पडतो, दुसऱ्याचा तसाच. महामार्गावरचा विस्तव आपल्या धुराची जबाबदारी घेतो आणि गावातला घेत नाही, याला नीतीचा आधार कुठला?

यावर पहिला आक्षेप येईल तो गरिबीचा, आणि तो खरा आहे. वाहतूकदार कर्जावर ट्रॅक्टर घेतो, टोळी आणणाऱ्या मुकादमाला आगाऊ उचल देतो, टोळी पळाली तर बुडतो. त्याच्या डोक्यावर आणखी महागडी यंत्रणा लादायची का? शेतीच्या ट्रॅक्टरांना सवलत याच करुणेतून दिलेली आहे. पण ही करुणा कोणाच्या खिशातून दिली जाते ते पाहावे. वाहतूकदाराला वाचवलेले पैसे त्याच्याहून गरीब असलेली ऊसतोड मजुराची बाई आपल्या श्वासाने भरते. गरिबावर दया करायची असेल तर ती समाजाने आपल्या पैशाने करावी, दुसऱ्या गरिबाच्या आयुष्याने नव्हे. आणि धूर झटकण्याची ही वृत्ती गरिबीतूनच येते असेही नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले की फोक्सवागन या जगातल्या बलाढ्य कंपनीने सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत अशी संगणकप्रणाली बसवली होती, जी चाचणीच्या वेळी धूर आवरायची आणि रस्त्यावर मोकळा सोडायची. आपल्याकडेही युरियाचा खर्च वाचावा म्हणून यंत्रणा बाद करून घेण्याचे प्रकार होतात. धूर आहे हे प्राचीन ग्रंथ मोकळेपणाने सांगतो. तो नाहीच असे भासवणे हा त्या धुराहून वाईट दोष आहे, कारण मग तो कमी करण्याचा प्रश्नच कोणी काढत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. कर्म सदोष असूनही करायचे ही मुभा एकदा दिली, की मग कोणीही कोणत्याही कामाला ती लावील. खरे आहे, आणि भारतात तसे घडलेही. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या काळात डिझेल बरेच स्वस्त राहिले आणि शहरांतल्या माणसांनी डिझेलच्या मोटारी घेतल्या. एक माणूस, एक लॅपटॉपची पिशवी, आणि त्यासाठी पंधरा टन ओढायच्या रीतीचा विस्तव. येथे मुरुमपासून फार दूर नसलेल्या बसवकल्याणची शिकवण कामी येते. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांभोवती जमलेल्या शरणांनी कायक, म्हणजे श्रमाचे काम, हीच उपासना मानली, आणि कमाईतला वाटा समाजाला परत देणे, म्हणजे दासोह, तिच्याशी जोडले. त्या शरणांत आय्दक्की मारय्या नावाचा सांडलेले तांदूळ वेचून आणणारा एक गरीब होता. एके दिवशी तो नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला, तेव्हा त्याची बायको लक्कम्मा हिने जास्तीचे परत टाकून यायला सांगितले, अशी परंपरेत कथा आहे. कष्टाने मिळाले, चोरीचे नाही, तरी गरजेपलीकडचे आहे म्हणून ते घरात नको. सदोष कर्माची मुभा कुठवर, याचे माप मला या कथेत मिळते. जिथे ओझे खरोखर तेवढे आहे तिथे डिझेल, आणि तिथे तेवढेच. हलक्या कामाला पेट्रोल किंवा वीज पुरत असताना केवळ लिटरमागे काही रुपये वाचतात म्हणून डिझेल घेणे हे लक्कम्माने परत पाठवलेले तांदूळ होत.

काही जण उलट बाजूने विचारतील: धुराचा एवढा बाऊ, मग ऊसही पेट्रोलवरच ओढा. पण पेट्रोलवर जड ओढकाम केले तर काजळी कमी होईल आणि इंधन पुष्कळ जास्त जळेल. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलमधून २.७ किलोच्या आसपास, म्हणून लिटरमागे डिझेल वाईट दिसते. पण तेवढेच टन तेवढ्याच अंतरावर ओढायला डिझेल इतके कमी लागते की एकूण हिशेब डिझेलच्याच बाजूने जातो. अवजड ओझ्याखाली पेट्रोल इंजिनाला थंड ठेवण्यासाठी जास्तीचे इंधन सोडावे लागते, तिथे तर तफावत आणखी वाढते. उतारावर मात्र पेट्रोल थोडे उजवे: हवेची वाट आवळता येत असल्याने ते गाडीला स्वतःच मागे धरते, डिझेलला त्यासाठी वेगळा एक्झॉस्ट ब्रेक द्यावा लागतो. मुरुमच्या बऱ्याचशा सपाट रस्त्यांवर ही बाब फार निर्णायक नाही. जवळच्या माणसाची छाती आणि दूरच्या पिढीचे हवामान यांत निवड करायची वेळ आली, तर मी डिझेल ठेवून त्याचा धूर गाळीन. तसे केल्याने दोन्ही बाजूंचे देणे थोडे थोडे फिटते.

तिसरा मार्ग म्हणून इथेनॉलचे नाव हटकून निघते. उसाच्या रसापासून आणि मळीपासून इथेनॉल बनते, आणि २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. पण ते मिसळते पेट्रोलमध्ये. दाबाने पेट घेण्याचा गुण इथेनॉलमध्ये फार कमी आहे, म्हणून डिझेल इंजिन त्यावर सहजी चालत नाही. ज्या उसातून हे इंधन निघते तो ऊस ओढण्याच्या कामाला ते येत नाही. हे अशक्य नाही: पेट घेण्यास मदत करणारे द्रव्य मिसळून दाबाच्या इंजिनात इथेनॉल जाळणारी स्कॅनियाची बस २०१४ मध्ये नागपूरच्या रस्त्यावर प्रयोग म्हणून धावली होती. कारखान्याच्या दारातच इंधन तयार होत असताना ओढकामाचे इंजिन त्याला जुळवून घेण्यावर एवढा कमी विचार व्हावा, याची मला खंत वाटते. तरी येत्या काही हंगामांत ऊस डिझेलवरच येणार आहे, आणि उद्याच्या इंधनाच्या आशेवर आजचा धूर मोकळा सोडता येत नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न. महाराष्ट्रात शेतकऱ्याला मिळणाऱ्या रास्त आणि किफायतशीर दरातून, म्हणजे एफआरपीतून, तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होतो. धूर गाळण्याचा खर्च याच रकान्यात टाकला तर तो ऊस पिकवणाऱ्याच्या गळ्यात पडेल, आणि दोषाचा धनी पुन्हा चुकीचा ठरेल. तो साखरेच्या किमतीत यायला हवा. ढोबळ हिशेब मांडून पाहू. एक टन ऊस कारखान्यात आणायला जाऊन-येऊन दीड लिटर डिझेल लागते असे धरू. युरियाचे द्रावण डिझेलच्या पाच टक्के धरले तर ते टनामागे ७५ मिलिलिटर होते, आणि लिटरला साठ रुपये दराने त्याचे साडेचार रुपये. दहा टक्के उतारा धरला तर एका टनातून शंभर किलो साखर निघते. म्हणजे साखरेच्या किलोमागे साडेचार पैसे. यात इंजिन आणि गाळणीच्या यंत्रणेची किंमत नाही, आणि ती मोठी आहे. पण त्यासाठी हा आकडा दसपट केला तरी तो किलोमागे अर्ध्या रुपयाच्या आतच राहतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये साखरेचा किमान विक्रीदर किलोला ३१ रुपये ठरवला तेव्हा त्यात ऊस आणि गाळप यांचा विचार होता, धुराचा नव्हता. चहात साखर घालणाऱ्या पुण्या-मुंबईच्या घराला हा अर्धा रुपया जाणवणारही नाही, आणि मुरुमच्या फडाकडेला मोळी बांधणाऱ्या बाईला तो दर श्वासाला जाणवेल.